क्षयरुग्णांसाठी माळरानावर आरोग्यधाम उभारणारे डॉ. वानलेस

नाशिक : क्षयाचे निदान झालेल्या रुग्णाला आज सरकारी दवाखान्यातून मोफत औषधे मिळतात. शंभर वर्षांपूर्वी या रोगावर औषधच नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. मात्र त्यावरील स्ट्रेप्टोमायसिन हाती येण्यास १९४० चे दशक उजाडावे लागले. मधल्या काळात महाराष्ट्रातील क्षयरुग्णांसाठी झटणाऱ्यांमध्ये मिरजेचे डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

डॉ. वानलेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडात झाला. त्याच वर्षी जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना क्षयाने १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच हिरावून नेले. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेऊन परतलेली ही तरुणीही या रोगापुढे हतबल ठरली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून डॉ. वानलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. प्रारंभी सांगलीत दवाखाना चालवून पुढे ते मिरजेस स्थायिक झाले. तेथे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने दूरदूरचे रुग्ण तेथे पोहोचू शकत. मोतीबिंदू व अन्य शस्त्रक्रियांमुळे डॉ. वानलेस यांची कीर्ती सर्वदूर पसरली.

क्षयापुढे मात्र या निष्णात शल्यचिकित्सकाचे कौशल्य तोकडे पडणारे होते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हाच तेव्हाचा मुख्य उपचार. तो महिनोन् महिने चाले. दाटीवाटीच्या घरात त्याची सोय होणे कठीण आणि घरातील इतरांना संसर्गाचे भय कायम. साधारण रुग्णालयातही शेजारच्या खाटांवरील रुग्णांना तोच धोका असे. ऐपत असलेले रुग्ण हवापालटासाठी दूरच्या गावी जात. गरिबाला अंधाऱ्या खोलीत पडून राहण्यावाचून गत्यंतर नसे.

ही उणीव ओळखून १९२० मध्ये मिरज व सांगली यांच्या दरम्यानच्या माळरानावर क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र आरोग्यधाम सुरू करण्यात आले. रोग बरा होण्याची हमी तेथेही कोणी देऊ शकत नव्हते. रुग्णाला मोकळा श्वास, शुश्रूषा आणि डॉक्टरांची देखरेख मात्र मिळू लागली. त्याच्या घरातील मुलाबाळांवरील संसर्गाचे सावटही दूर झाले.

सुमारे चार दशकांच्या सेवेनंतर डॉ. वानलेस १९२८ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. ३ मार्च १९३३ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले. औषधाने क्षय बरा होण्याचे दिवस त्यांना पाहता आले नाहीत. आरोग्यधामाभोवतीची वस्ती पुढे वानलेसवाडी या नावाने ओळखली जाऊ लागली.