इंजिन विलायतेचं, खटपट नानांची

आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात वाफेचं इंजिन म्हटलं की जेम्स वॅट आणि जॉर्ज स्टीफन्सन ही नावं हमखास निघतात. पण ते इंजिन आपल्या मातीत धावावं म्हणून ज्यांनी खटपट केली, त्या नाना शंकरशेठांचं नाव फारसं कोणी काढत नाही. मी हिंगोली जिल्ह्यातला. पूर्णा-वसमत-हिंगोली ही आमची लाईन २००८ पर्यंत मीटरगेज होती. लहान रुळांवरच्या माणसाला रेल्वेचं कौतुक जरा जास्तच असतं, म्हणून हा लेखप्रपंच.

नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे. जन्म १० फेब्रुवारी १८०३. घराणं मूळचं मुरबाडचं, व्यापार मुंबईत. १८२२ मध्ये वडील वारले आणि एकोणिसाव्या वर्षी सगळी पेढी अन् संपत्ती नानांच्या हाती आली. म्हणजे आपल्या हॉस्टेलवरच्या सेकंड इयरच्या पोराएवढं वय! पैसा उडवायला मोकळं रान होतं. पण नाना शाळा काढण्याच्या कामाला लागले. मुंबईत नव्या शिक्षणाची जी घडी बसली, तिच्यात त्यांचा पैसा आणि वेळ दोन्ही गेले. १८४९ मध्ये तर मुलींच्या शाळेला त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. त्या काळात हे किती धाडसाचं होतं, याचा अंदाज करा.

इंग्लंडात १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली होती. तशी गाडी मुंबईतही हवी, म्हणून १८४५ च्या सुमारास जी मंडळी पुढे सरसावली, त्यांत सर जमशेटजी जिजीभॉय आणि नाना होते. १८४९ मध्ये जी.आय.पी. रेल्वे कंपनी कायद्यानं स्थापन झाली. भांडवल मुख्यतः विलायतेचं, त्यावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी. इंग्रजांचा डोळा कापसावर आणि सैन्याच्या हालचालींवर होता, हे काही लपून नव्हतं. तरी त्याच रुळांवरून आपली माणसंही जाणार होती.

इंजिनं आली ती इंग्लंडातल्या व्हल्कन फाउंड्रीची. पहिली आठ. पुढं दोन लहान चाकं, त्यामागं जोडदांड्यानं एकमेकांना बांधलेली चार मोठी चाकं. बॉयलरमधली वाफ सिलिंडरात शिरून पिस्टन ढकलते अन् तो जोर चाकांवर येतो, एवढंच तत्त्व. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे ओढत ३४ किलोमीटरवरचं ठाणं गाठलं. २१ तोफांची सलामी झाली. पुढं १८६३ मध्ये २५ बोगदे आणि ३७ ला १ चा चढ घेऊन लाईन भोर घाट चढली, तेही नानांच्या हयातीतच.

पण नाना साहेबाच्या पुढंपुढं करणारे नव्हते. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन उभी करून त्यांनी कंपनी सरकारच्या कारभाराबद्दलच्या तक्रारी थेट पार्लमेंटपर्यंत नेल्या. १८५७ च्या उठावात तर त्यांच्यावरही संशय घेतला गेला, पण पुरावा काही मिळाला नाही. ३१ जुलै १८६५ रोजी ते वारले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती पुढं पिढ्यान्पिढ्या मॅट्रिकच्या हुशार पोरांना मिळत राहिली.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इंजिन जहाजातून आणता येतं, पण ते बनवणारं डोकं आणता येत नाही. ते इथंच घडवावं लागतं. संपूर्ण भारतात बनलेलं पहिलं वाफेचं इंजिन अजमेरच्या कारखान्यातून बाहेर पडलं ते १८९५ मध्ये, आणि तेही मीटरगेजचंच बरं का! म्हणजे पहिल्या गाडीनंतर तब्बल ४२ वर्षांनी. नानांनी रूळ आणि शाळा ही दोन्ही कामं एकाच वेळी हातात घेतली होती. रूळ लवकर पुरे झाले, शाळेचं काम अजून चालूच आहे. आपण त्याच कामातले आहोत, तेव्हा वर्कशॉपच्या तासाला दांडी मारताना थोडा विचार करा दोस्तहो!