बिशप सॅम्युएल अजायी क्राउथर

आफ्रिका म्हटले की घनदाट अरण्य आणि गुलामांचा बाजार एवढेच चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात उभे राहते. म्हणून त्या खंडातील एका थोर सेवकाची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहोत.

अजायीचा जन्म १८०९ च्या सुमारास, आजच्या नायजेरियातील ओसोगुन गावी, एका योरुबा कुटुंबात झाला. १८२१ साली गुलाम पकडणाऱ्यांनी गावावर धाड घातली. आईपासून ताटातूट झालेला हा मुलगा अनेकदा विकला गेला व शेवटी पोर्तुगीज जहाजावर चढविला गेला. एप्रिल १८२२ मध्ये इंग्रज आरमाराने ते जहाज पकडले आणि त्याला फ्रीटाऊनला नेऊन मुक्त केले. तेथे तो शिकला. १८२५ साली बाप्तिस्मा घेताना त्याला सॅम्युएल क्राउथर हे नाव मिळाले.

१८४३ साली लंडनमध्ये त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी त्यांचा योरुबा शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. पुढे १८५२ च्या आवृत्तीत त्यांनी लोकांच्या म्हणीही घातल्या. या भाषेत 'ऑकॉ' हा एकच शब्द सुराच्या चढउताराप्रमाणे नवरा, कुदळ, होडी किंवा भाला होतो! ज्यांना परदेशी लोक रानटी समजत, त्यांची भाषा किती सूक्ष्म व तिच्यात किती शहाणपण आहे, हे या पुस्तकातून कळले.

१८४६ साली आबेओकुटा येथे सेवा करीत असता पंचवीस वर्षांनी त्यांना आई भेटली. दोन वर्षांनी तिनेही बाप्तिस्मा घेतला. १८५१ साली त्यांनी व्हिक्टोरिया राणीला योरुबा भाषेत प्रभूची प्रार्थना म्हणून दाखविली. ती भाषा राणीला मधुर वाटली.

१८६४ साली कँटरबरी येथे ते अँग्लिकन मंडळीचे पहिले आफ्रिकन बिशप झाले. त्यांच्या देखरेखीखाली योरुबा बायबलचे काम पुढे गेले. पण १८९० साली तरुण युरोपियन मिशनऱ्यांनी या ऐंशीच्या घरातील बिशपच्या सहकाऱ्यांवर आरोप केले आणि त्यांचाही अपमान केला. ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी युरोपियन बिशप नेमला गेला. २०१४ साली कँटरबरीच्या आर्चबिशपांनी या अन्यायाबद्दल क्षमा मागितली.

एखाद्या समाजाची भाषा गोड मानणे सोपे. त्याच्या माणसावर विश्वास टाकून अधिकार देणे कठीण. संडे स्कूलच्या शिक्षकांनी आफ्रिकेविषयी सांगताना केवळ गुलामगिरीवर थांबू नये. या शब्दसंग्रहाची, आई-मुलाच्या भेटीची आणि मंडळीच्या या चुकीचीही हकीकत मुलांना सांगावी, अशी आमची विनंती आहे.