खरखर घालवणारा अभियंता

घरातल्या एफएम ट्यूनरवर एखादे केंद्र नीट लागत नसेल, तर आपण काटा मागेपुढे करतो, अँटेनाची तार हलवून पाहतो आणि शेवटी स्टीरिओची कळ मोनोवर आणतो. या खटपटीला यश येते, त्याचे बरेचसे श्रेय एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याला जाते.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणीच त्यांना कोरिया हा विकार जडला. यात हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या स्नायूंना आपोआप झटके येतात. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाशी या विकाराचा संबंध असतो, हे आज आपल्याला माहीत आहे. पण तेव्हा प्रतिजैविके नव्हती. मुलाला दोन वर्षे शाळेतून काढून घरीच शिकवावे लागले. मन उत्तेजित झाले की खांदा उडण्याची खोड त्यांना आयुष्यभर राहिली. घरच्या एकांतात यंत्रे उघडून पाहण्याचा नाद लागला. पुढे याँकर्स येथील घराच्या आवारात त्यांनी स्वतः सव्वाशे फूट उंचीचा अँटेनाचा खांब उभा केला.

कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ मध्ये, त्यांनी क्षीण रेडिओ लहरींची ताकद अनेक पटींनी वाढवणारे मंडल तयार केले. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराच्या संदेशवहन दलात पॅरिसला होते. तेथे १९१८ मध्ये त्यांनी 'सुपरहेटरोडाइन' पद्धत शोधली. केंद्र कोणतेही असो, त्याची लहर आधी एका ठरावीक मधल्या वारंवारतेवर आणायची आणि मग तिच्यावर काम करायचे, ही त्यामागची कल्पना. एफएम ट्यूनरमध्ये ही मधली वारंवारता सहसा १०.७ मेगाहर्ट्झ असते. जुन्या पद्धतीच्या ट्यूनरची चकती फिरवताना आपण याच पद्धतीचा वापर करत असतो. या शोधांमुळे आर्मस्ट्राँग श्रीमंत झाले आणि आरसीए या बड्या रेडिओ कंपनीचे मोठे भागधारकही बनले. कंपनीचे डेव्हिड सरनॉफ त्यांचे स्नेही होते. सरनॉफ यांच्या सचिव मॅरियन यांच्याशी आर्मस्ट्राँग यांचा १९२३ मध्ये विवाह झाला.

मात्र त्या काळच्या रेडिओची खरखर जात नव्हती. तेव्हाच्या एएम प्रक्षेपणात आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असे. वीज चमकली किंवा शेजारी मोटार सुरू झाली की तिचा धक्का थेट त्या उंचीलाच बसे. आर्मस्ट्राँग यांनी आवाज लहरीच्या वारंवारतेत साठवायचे ठरवले. उंचीत काहीही चढउतार झाले, तरी ग्राहकयंत्रातील 'लिमिटर' ते छाटून टाकतो. ही कल्पना नवी नव्हती. पण जॉन कार्सन या तज्ज्ञाने १९२२ मध्ये गणिताने दाखवले होते की अरुंद पट्ट्यात तिचा फायदा नाही. आर्मस्ट्राँग यांनी पट्टाच रुंद केला. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना एफएमची पेटंटे मिळाली. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कमधील अभियंत्यांच्या सभेत त्यांनी याँकर्सहून आलेले प्रक्षेपण ऐकवले. पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगळल्याचा आवाजही स्वच्छ ऐकू आला.

या रुंद पट्ट्याचा लाभ पुरेपूर घ्यायचा, तर ट्यूनरपर्यंत सशक्त लहर पोहोचली पाहिजे. लहर क्षीण झाली की लिमिटरचे काही चालत नाही आणि सूं-सूं सुरू होते. एफएमची लहर साधारण तीन मीटर लांबीची असते. म्हणून ट्यूनरसोबत येणारी टी आकाराची तार दोन्ही हात पसरून सुमारे दीड मीटर भरते. ती गुंडाळून कपाटामागे टाकू नये. खिडकीजवळ पूर्ण पसरावी आणि दिशा बदलत ऐकावे. इमारतींवर आपटून आलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळल्या, तर 'स' आणि 'श' चिरके ऐकू येतात; तेव्हा तार हातभर सरकवली तरी फरक पडू शकतो. स्टीरिओला मोनोपेक्षा बरीच अधिक ताकदीची लहर लागते. त्यामुळे दूरच्या केंद्रासाठी कळ मोनोवर टाकणे हा सर्वांत सोपा उपाय. 'म्यूटिंग'ची कळ क्षीण केंद्रे गप्प करते. ती हवी असतील तर ही कळ बंद करावी.

आर्मस्ट्राँग यांची पुढची लढाई मात्र विज्ञानाची नव्हती. आरसीएने एम्पायर स्टेट इमारतीवरील त्यांची उपकरणे १९३५ मध्ये दूरचित्रवाणीसाठी हटवायला लावली. त्यांनी न्यू जर्सीतील अल्पाइन येथे स्वखर्चाने मनोरा उभारला. दुसऱ्या महायुद्धात लष्कराकडून त्यांनी पेटंटचा मोबदला घेतला नाही. १९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफएमचा पट्टा ४२–५० मेगाहर्ट्झवरून ८८–१०८ कडे हलवला आणि लोकांच्या घरचे लाखो संच निकामी झाले. १९४८ मध्ये त्यांनी आरसीएवर दावा लावला. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला, पैसा संपत गेला, प्रकृती ढासळली. १९५३ च्या अखेरीस भांडण होऊन मॅरियनही घर सोडून गेल्या. ३१ जानेवारी १९५४ रोजी आर्मस्ट्राँग यांनी स्वतःचे जीवन संपवले. लहानपणी आजारी मुलाभोवती घर उभे राहिले होते. खचलेल्या प्रौढाजवळ त्या दिवसांत कोणी उरले नव्हते.

मॅरियन यांनी खटले सोडले नाहीत. आरसीएने त्याच वर्षअखेरीस सुमारे १० लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि १९६७ मध्ये शेवटचा खटलाही त्यांच्या बाजूने सुटला. त्यानंतर दहा वर्षांनी, २३ जुलै १९७७ रोजी, मद्रासहून आकाशवाणीचे भारतातील पहिले एफएम प्रक्षेपण सुरू झाले.