आयझॅक वॉल्टन : गळ टाकून बसलेला माणूस

इंग्रजी साहित्याच्या इतिहासात आयझॅक वॉल्टनच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात. वर्गात सरांनी त्याचे नाव घेतले आणि त्याने गळ टाकून मासे कसे धरावेत यावर पुस्तक लिहिले असे सांगितले, तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला. खरे सांगायचे तर मीही हसले. मिल्टनच्या पंगतीला हा मासे धरणारा दुकानदार कसा येऊन बसला, असेच सर्वांना वाटले असावे.

घरी जाताना मात्र मला माझ्या हसण्याची लाज वाटू लागली. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले आणि पुढची सारी वर्षे त्यांनी धरमतरच्या खाडीवर गरी टाकून काढली. जिताडा लागला तर घरात सण असे. पण बहुतेक दिवस रिकाम्या पिशवीचेच. घरातली माणसे त्यांना रिकामटेकडे म्हणत. जिवंत कोलंबीचा डबा सांभाळत त्यांच्याशेजारी बसणारी मी एकटीच होते. पण मोठी झाल्यावर मलाही ते तसेच वाटू लागले होते. ते गेले तेव्हा मी बारावीत होते. त्यांना विचारायचे राहून गेलेले बरेच काही होते. म्हणून मी ग्रंथालयातून वॉल्टनचे पुस्तक काढले आणि त्याच्या आयुष्याचा शोध घेऊ लागले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते.

वॉल्टनचा जन्म १५९३ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्ड या गावी झाला. तो तीन-चार वर्षांचा असतानाच वडील वारले. विद्यापीठाचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. लहान वयातच तो लंडनला गेला आणि बहिणीच्या नवऱ्याकडे उमेदवारी करू लागला. धंदा कापडाचा; पण १६१८ मध्ये तो सभासद झाला लोखंडाच्या व्यापाऱ्यांच्या संघाचा! त्या काळी लंडनमध्ये असे चालत असे. फ्लीट स्ट्रीट भागात त्याचे दुकान होते. दिवसभर तागाचे कापड मोजून द्यावे आणि सवड मिळाली की शहराबाहेरच्या ली नदीवर काठी घेऊन जावे, असा त्याचा क्रम होता.

दुकानाजवळच सेंट डन्स्टन हे चर्च होते. १६२४ मध्ये तिथे धर्मगुरू म्हणून आला तो जॉन डन, म्हणजे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो तोच कवी. डनची प्रवचने ऐकता ऐकता या कापडवाल्याची त्याच्याशी मैत्री जमली. १६३१ मध्ये डन वारला. त्याचे चरित्र लिहिणार होता सर हेन्री वॉटन, एक मुरलेला राजदूत, ईटनच्या शाळेचा प्रमुख आणि वॉल्टनचा नदीकाठचा सोबती. त्याने वॉल्टनला माहिती गोळा करायला सांगितले. पण १६३९ मध्ये वॉटनही गेला, आणि ते काम वॉल्टनवर येऊन पडले. १६४० मध्ये डनच्या प्रवचनांच्या ग्रंथाला जोडून वॉल्टनने लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाले. शाळेत फारसे न शिकलेल्या या माणसाने पुढे वॉटन, हूकर, हर्बर्ट आणि सँडरसन यांचीही चरित्रे लिहिली. इंग्रजी चरित्रलेखनाच्या आरंभकाळात त्यांना मोठा मान आहे.

पण ज्या १६४० साली त्याचे पहिले लेखन छापले गेले, त्याच साली त्याची पत्नी रेचेल बाळंतपणानंतर वारली. १६२६ मध्ये त्यांचे लग्न झाले होते. त्यांना सात मुले झाली आणि सातही लहानपणीच गेली. शेवटची मुलगी १६४२ मध्ये गेली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू झाली. वॉल्टन राजाच्या बाजूचा, जुन्या चर्चवर श्रद्धा असलेला. त्याच्या डोळ्यांदेखत जुन्या प्रार्थनापुस्तकावर बंदी आली, ओळखीचे धर्मगुरू पदावरून दूर झाले आणि १६४९ च्या जानेवारीत राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला.

वॉल्टन लढला नाही. त्याच्याकडून एकच धाडसाची गोष्ट घडली. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत हरून तरुण दुसरा चार्ल्स पळाला. त्याचे एक राजचिन्हाचे रत्न मागे राहिले होते. ते हातोहात फिरत वॉल्टनकडे आले, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या या दुकानदाराने ते लपवून लंडनला नेले. तिथे टॉवरच्या तुरुंगात असलेल्या कर्नल ब्लेगच्या हाती त्याने ते पोहोचवले. सापडला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको. पुढे ब्लेग तुरुंगातून निसटला आणि रत्न राजाला मिळाले.

यानंतर दोनच वर्षांनी, १६५३ मध्ये, ‘द कम्प्लीट अँगलर’ हे त्याचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी क्रॉमवेल देशाचा सर्वाधिकारी झाला. आणि पुस्तकात काय आहे? मे महिन्यातली सकाळ, नदीकडे निघालेले वाटसरू आणि त्यांच्या गप्पा! आपल्याकडील गुरुशिष्यसंवादासारखीच याची रचना आहे. गळ टाकणारा गुरू, आणि आधी त्याची थट्टा करणारा पण नंतर शिष्य होणारा वाटसरू. दुसऱ्या आवृत्तीत हा वाटसरू शिकारी झाला आणि ससाणे पाळणारा एक तिसराही सोबतीला आला. ते झाडाखाली पावसाचा आडोसा घेतात, गवळणीला मासा देऊन तिच्याकडून गाणे ऐकतात आणि रात्री लॅव्हेंडरचा वास येणाऱ्या चादरींवर झोपतात.

पण हे नुसते निसर्गवर्णन नव्हे. विद्या अगदी बारकाईने शिकवली आहे. चब नावाचा मासा उन्हाच्या दिवशी डोहात वर येऊन तरंगतो. तो फार भित्रा. वॉल्टन सांगतो की झाडाआड निश्चल उभे राहा, गळाला नाकतोडा लावा, काठी फांदीवर टेका आणि आमिष पाण्याच्या वीतभर वर लोंबू द्या. काठीची सावली पडताच सगळे मासे बुडी मारतील. हलू नका. थोड्या वेळाने ते पुन्हा वर येतील. मग त्यांतला सर्वांत चांगला निवडून, गोगलगाईच्या चालीने काठी त्याच्याकडे न्या आणि नाकतोडा हलकेच त्याच्यापुढे सोडा. हे वाचताना मी थबकलेच. खाडीच्या बांधावर माझी सावली पाण्यात पडली की आजोबा नुसता हात धरून मला मागे ओढीत. बोलत नसत.

त्या काळची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे. केस गोल, सारखे आणि स्वच्छ कसे निवडावेत, पाण्याच्या रंगाला मिळतील असे कसे रंगवावेत, हे सगळे पुस्तकात आहे. गांडुळे ताज्या शेवाळात ठेवावीत, दर तीन-चार दिवसांनी शेवाळ बदलावे, ती रोडावली तर थोडी साय घालावी, हेही आहे. पाईक मासा लोणी, कालवे आणि सुगंधी पाला भरून कसा भाजावा ते सांगून तो म्हणतो की हा पदार्थ गळ टाकणाऱ्यांनी किंवा फार सज्जन माणसांनीच खावा, इतका तो उत्तम होतो.

वॉल्टनला निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. या विषयातले जुने ज्ञान त्याने मुक्तपणे उचलले आहे. कृत्रिम माशा बांधण्याची विद्या आपण टॉमस बार्करकडून घेतली, हे तो कबूल करतो. पण १५७७ मधले एक जुने पुस्तक १९५४ मध्ये सापडले. त्यातही गुरू आणि वाटसरू यांचा संवाद आहे आणि वॉल्टनशी त्याचे साम्य डोळ्यांत भरते. त्याचा मात्र तो उल्लेख करीत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचणारा. जिवंत बेडूक गळाला कसा अडकवावा हे सांगताना, त्याच्यावर प्रेम असल्यासारखे हळुवारपणे अडकवा, असे तो सुचवतो. कवी बायरनने या क्रौर्यावरून त्याच्यावर कोरडे ओढले. इतक्या कोमल मनाच्या माणसाला ही विसंगती दिसू नये, याचे मलाही वाईट वाटते.

परंतु मला सतावणारा प्रश्न वेगळाच होता. सात मुले पुरलेला, राजाचा वध पाहिलेला हा माणूस त्याबद्दल या पुस्तकात इतका गप्प का? हा पळपुटेपणा नव्हे काय? फार दिवस मला तसेच वाटत होते. मग ध्यानात आले की त्याच्या पुस्तकातला शांतपणा आयता मिळालेला नाही. पुस्तकाचा शेवट तो बायबलमधील शांत राहण्याचा अभ्यास करा अशा आशयाच्या वचनाने करतो. अभ्यास म्हणजे रोज नव्याने करायची गोष्ट! जो प्रांत तलवारीला आणि वादाला जिंकता आला नाही, असा नदीकाठचा एक तुकडा त्याने राखून ठेवला होता.

दुःखाने पुढेही त्याची पाठ सोडली नाही. दुसरी पत्नी ॲन १६६२ मध्ये वारली. तिच्यापासूनची एक मुलगी आणि एक मुलगा मात्र जगले. पुस्तकावर तो हात फिरवीतच राहिला. त्याच्या हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या. सदतीस वर्षांनी लहान असलेला चार्ल्स कॉटन हा त्याचा जिवलग मित्र झाला. कॉटनने १६७४ मध्ये डव्ह नदीकाठी गळ टाकणाऱ्यांसाठी एक छोटे घर बांधले आणि दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून दारावर दगडात कोरली. ते घर अजून उभे आहे. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत कृत्रिम माशीने मासे धरण्याचा भाग कॉटननेच लिहिला. आपल्याहून त्याला ती विद्या अधिक येते, हे मान्य करायला त्र्याऐंशी वर्षांच्या गुरूला कमीपणा वाटला नाही.

१६८३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, त्याने मृत्युपत्र केले. स्टॅफर्डजवळच्या आपल्या शेताच्या उत्पन्नातून गरीब मुलांना धंदा शिकता यावा आणि कडाक्याच्या थंडीत गरिबांना कोळसा मिळावा, अशी तजवीज त्यात होती. त्यावर त्याने उठवलेली मोहोर डनकडून भेट आलेली होती. तिच्यावर नांगराला जडवलेला ख्रिस्त कोरलेला होता. १५ डिसेंबरला विंचेस्टर येथे तो वारला. त्या हिवाळ्यात थेम्स नदी गोठली होती.

आजोबा संपाविषयी कधी बोलले नाहीत. मी त्यांना विचारले नाही, आणि आता विचारता येणार नाही. त्यांच्या मनात काय होते ते वॉल्टन वाचून मला कळले, असा दावा मी करणार नाही. एवढे मात्र झाले, की परवा घरात कुणीतरी त्यांना सवयीने रिकामटेकडे म्हटले तेव्हा मी गप्प बसले नाही. त्यांची गरी अजून आढ्याला खोचलेली आहे. येत्या सुटीत ती काढून मी खाडीवर जाणार आहे. जिताडा लागेलच असे नाही.