मानेतून अन्ननलिकेपर्यंत : डॉ. विन्सेंझ चेर्नी

घास घशाखाली उतरेनासा झाला की माणूस आधी पातळ पदार्थांवर येतो, मग पाणीही अडते. अन्ननलिकेच्या कर्करोगात १९व्या शतकातील रुग्ण बहुधा उपासमारीने दगावत. त्यांच्यासाठी मानेतून वाट काढणारे शल्यविशारद म्हणजे डॉ. विन्सेंझ चेर्नी.

चेर्नी यांचा जन्म १८४२ मध्ये बोहेमियात झाला. व्हिएन्नात त्यांनी थिओडोर बिलरोथ यांच्या हाताखाली शस्त्रक्रियेचे धडे घेतले. अन्ननलिकेचा तुकडा काढल्यावर ती पुन्हा जुळते का, हे तिथे आधी कुत्र्यांवर तपासले गेले. पुढे ते फ्रायबुर्गला आणि १८७७ मध्ये हायडेलबर्गला प्राध्यापक झाले.

त्याच वर्षी त्यांनी एका स्त्रीच्या मानेतील अन्ननलिकेचा कर्करोगग्रस्त भाग काढला. मानच का? अन्ननलिका मानेत श्वासनलिकेच्या मागून जाते आणि किंचित डावीकडे झुकते. त्यामुळे तिथे हात पोहोचतो. छाती उघडली तर फुप्फुस आकसते, आणि त्यावर तेव्हा उपाय नव्हता. चेर्नी यांनी अन्ननलिकेचे खालचे टोक मानेच्या त्वचेला शिवले. त्या छिद्रातून नळीने अन्न देता येऊ लागले. तोंडाने गिळणे परत आले नाही, पण भूक भागली. ती स्त्री वर्षाहून अधिक काळ जगली.

कर्करोग नुसत्या सुरीने हटत नाही, हे चेर्नी यांनी जवळून पाहिले होते. म्हणून १९०६ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेचे प्राध्यापकपद सोडले आणि हायडेलबर्गमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभारली. तिला जोडून रुग्णालय होते. तिथे किरणोपचारही होत. १९१६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आज अन्ननलिकेच्या वरच्या टोकाशी झालेली पिशवी काढायची किंवा तिथला घट्ट स्नायू सैल करायचा, तर गरजेनुसार मानेतून किंवा तोंडातून दुर्बिणीने शस्त्रक्रिया करतात. मानेतून जाताना आवाजाची नस जपावी लागते, म्हणून आवाज बसण्याचा धोका रुग्णाला आधीच सांगतात. कर्करोगात किरणोपचार आणि औषधेही हाताशी आहेत.

चेर्नी यांच्या रुग्णाकडे दुसरा पर्याय नव्हता, तुमच्याकडे आहे. घास वारंवार अडकत असेल, वजन घटत असेल किंवा आवाज बदलला असेल, तर पाणी पिऊन घास ढकलत दिवस काढू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.