आपल्याच माणसांचा संशय

मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मराठी नवा करार १८११ साली ज्यांनी छापून प्रसिद्ध केला, ते डॉ. विल्यम केरी आपल्या मंडळ्यांना परके नाहीत. १८१२ साली सेरामपूरच्या छापखान्याला लागलेल्या आगीची हकिगत आम्ही शब्बाथ शाळेत पुष्कळदा सांगितली आहे. परंतु त्या आगीहून कठीण असा एक प्रसंग आम्ही क्वचितच सांगतो.

केरी मूळचे इंग्लंडातील चांभार. १८०१ पासून ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवीत. पुढे त्यांना महिना १,००० रुपये पगार झाला. घरखर्चापुरती लहानशी रक्कम ठेवून बाकीचा पैसा ते मिशनच्या सामाईक पेटीत घालीत. मार्शमन व वॉर्ड हे त्यांचे सोबतीही तसेच करीत.

१८१५ साली त्यांचे इंग्लंडातील जुने मित्र अँड्र्यू फुलर वारले. नव्या कमिटीला हे वृद्ध सेवक नीट ठाऊक नव्हते. सेरामपूरच्या मिळकतीवरून वाद निघाला. हे लोक मिशनच्या पैशावर श्रीमंत झाले, असेही बोलले जाऊ लागले. दूर झालेल्या तरुण मिशनऱ्यांत केरींचा सख्खा पुतण्या होता. अखेर १८२७ साली संबंध तुटला.

ज्याने दिले, त्याच्यावरच घेतल्याचा आळ! केरींना दुःख झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही, पुष्कळ झाले. पण त्यांनी भाषांतराचे टेबल सोडले नाही. सकाळी बाग, मग शास्त्राची मुद्रिते, मग शिकवणे, हा क्रम चालूच राहिला. १८३० च्या सुमारास कॉलेजातील जागाही गेली, तरी काम थांबले नाही.

९ जून १८३४ रोजी ते प्रभूकडे गेले. मृत्युपत्रात त्यांनी सेरामपूरच्या मिळकतीवर आपला काहीही हक्क नाही असे नमूद केले होते. एका मुलाला १,५०० रुपये देता यावेत म्हणून पुस्तके विकावीत, अशी व्यवस्था केली होती. हाच तो श्रीमंत मनुष्य! तुटलेला संबंध १८३७ साली पुन्हा जुळला; ते पाहायला केरी राहिले नव्हते.

प्रिय वाचकहो, मंडळीत, पंचकमिटीत आपल्यावरही असा संशय येतो. तेव्हा हिशेब उघडा ठेवावा, विचारल्यास शांतपणे उत्तर द्यावे आणि पुढच्या शब्बाथाचा धडा तयार करायला बसावे. न्याय आपल्या हयातीत होईलच असे नाही. पण तो ज्याच्या हाती आहे, तो विसरत नाही.