लोकमान्य टिळक आणि कर्मविपाकाचा प्रश्न

परमेश्वर पूर्ण आहे, सर्वज्ञ आहे, परम कृपाळू आहे, असे शास्त्र सांगते. आणि जगात तर निरपराध बालके रोगाने मरतात, सज्जन बंदिवासात खितपतात व दुर्जन सुखाने नांदतात. हे त्याच्या इच्छेने होत असेल तर त्याच्या कृपेला बाध येतो. त्याच्या इच्छेविरुद्ध होत असेल तर सामर्थ्याला बाध येतो. वेदान्तशास्त्राने या दोषाला वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, अशी नावे देऊन त्याचा परामर्श घेतला आहे. पाश्चात्त्य देशांतही हा वाद जुना आहे. १७१० मध्ये लायब्निट्झ या तत्त्वज्ञाने ईश्वराची निर्दोषता सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि पुढे १७५५ च्या नोव्हेंबरात लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले तेव्हा व्हॉल्तेरने त्या सिद्धान्ताचा उपहास केला. महाराष्ट्रात अर्वाचीन काळी या प्रश्नाचा विचार केवळ पंडित म्हणून नव्हे, तर अंगावर आलेल्या आपत्तींच्या मध्यभागी बसून ज्यांनी केला, ते बाळ गंगाधर टिळक होत.

टिळकांचा जन्म दि. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. घराणे मूळचे दापोली तालुक्यातील चिखलगावचे. वडील गंगाधरपंत हे शिक्षक असून संस्कृताचे जाणकार होते. १८६६ मध्ये गंगाधरपंतांची बदली पुण्यास झाली आणि कुटुंबाने कोकण सोडले. त्याच वर्षी मातुःश्री पार्वतीबाई निवर्तल्या. पुढे सहा वर्षांनी, १८७२ मध्ये, गंगाधरपंतही अंथरुणास खिळले. त्या अखेरच्या आजारात भगवद्गीतेवरील भाषाविवृति नावाची प्राकृत टीका वडिलांना वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळकडे आले. गीतेशी त्यांचा पहिला परिचय असा मृत्युशय्येच्या कडेला झाला. मरणोन्मुख पुरुषासमोर गीता वाचावी ही आपल्याकडील रूढीच आहे. परंतु ज्या अर्जुनाला गीता सांगितली तो मरणाला नव्हे, युद्धाला उभा होता, ही गोष्ट त्या मुलाच्या मनात घर करून राहिली. ब्रह्मज्ञानाने मोक्ष कसा मिळतो एवढेच गीतेला सांगावयाचे होते, तर ती अर्जुनाला लढावयास लावण्याकरिता कशाला सांगितली, ही ती शंका होय. तिचा उलगडा होण्यास पुढे जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

डेक्कन कॉलेजात टिळकांना गोपाळ गणेश आगरकर भेटले. आगरकरांच्या बुद्धीवर मिल्ल आणि स्पेन्सर यांचा पगडा होता. जगातील दुःख पाहता ईश्वर एकाच वेळी सर्वशक्तिमान आणि सर्वथा कृपाळू मानता येत नाही, हे मिल्लचे मत १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या धर्मविषयक निबंधांत आलेले होते. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये या दोघा मित्रांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे दोघांचे मार्ग भिन्न झाले व १८९५ मध्ये आगरकर अकाली वारले. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी मौन राखणाऱ्या त्या प्रामाणिक मनुष्याच्या शंका टिळकांना शत्रूच्या म्हणून नव्हे, घरच्या म्हणून ठाऊक होत्या, हे त्यांचे विवेचन वाचताना विसरून चालत नाही.

यानंतर दुष्काळ आला आणि त्यापाठोपाठ प्लेग. १८९६-९७ च्या दुष्काळात हे सारे आमच्या कर्माचे फळ, असे म्हणून कपाळाला हात लावणारे गावोगाव होते. कर्मसिद्धान्त टिळकांनाही मान्यच होता. तथापि त्यांनी केसरीतून शेतकऱ्यांस सांगितले ते हे, की दुष्काळाविषयी सरकारचाच कायदा आहे आणि त्यातील सवलती मागण्याचा तुमचा हक्क आहे. पुण्यात प्लेग शिरल्यावर अनेक प्रतिष्ठित मंडळी शहर सोडून गेली. टिळक राहिले व त्यांनी रुग्णांसाठी हिंदू प्लेग रुग्णालय चालविले. त्याच १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅक्समुल्लर आदी विद्वानांच्या विनंतीनंतर १८९८ च्या सप्टेंबरात सुटका झाली. पुढील काही वर्षांत त्याच प्लेगने त्यांचा ज्येष्ठ पुत्र विश्वनाथ नेला. ज्याने दुसऱ्यांची रोगी मुले सांभाळली त्याचेच मूल रोगाने जावे, याचा न्याय कोणता? कर्माचा विनियोग दोन प्रकारे होतो. एक मनुष्य त्याच्या आधारे दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवितो. दुसरा त्याच्याच आधारे स्वतःचे दुःख सोसतो. टिळकांनी दुसरा प्रकार पत्करला.

दि. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्यूरीने सातास दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण व्हावयाची होती. काही सांगावयाचे आहे काय, असे विचारल्यावर टिळकांनी आपण निर्दोष असल्याचे सांगितले. जगाच्या घडामोडींवर मानवी न्यायासनाहून श्रेष्ठ अशा शक्तींची सत्ता चालते आणि आपण मोकळे राहण्यापेक्षा आपल्या क्लेशांनीच अंगीकृत कार्याची भरभराट व्हावी, अशी ईश्वरी योजना असू शकेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सांगितली. मुंबईच्या गिरणीकामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस काम बंद ठेवले.

येथे जिज्ञासूस शंका येईल. अन्यायाने झालेली शिक्षा ईश्वरी योजनेत बसते म्हणावे, तर अन्याय करणाऱ्याचा दोष तो काय राहिला? शंका रास्त आहे. टिळकांनी तिचे उत्तर न्यायालयात दिले नाही. ते ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात लिहिले. दैवगती अशी विचित्र, की मंडालेचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले होते, आणि रत्नागिरीस जन्मलेल्या पुरुषाला आता त्या राजाच्या मंडालेस नेऊन ठेवले. लाकडी खोली, असह्य उष्मा, मधुमेहाचा विकार आणि शाईची बंदी. अशा स्थितीत पेन्सिलीने, २ नोव्हेंबर १९१० रोजी आरंभ करून ३० मार्च १९११ पर्यंत, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, गीतारहस्याचा मुख्य भाग लिहून झाला. त्यातील दहावे प्रकरण कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य या विषयाचे आहे.

त्या प्रकरणाची मांडणी थोडक्यात अशी. कर्म अनादी आहे. ते केव्हा व कशासाठी सुरू झाले, हे मनुष्यबुद्धीस अगम्य आहे. टिळक हे आडपडदा न ठेवता मान्य करतात. परंतु एकदा कर्माचे चक्र चालू आहे म्हटल्यावर त्याचे फळ ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे मिळते आणि परमेश्वर आपल्या लहरीने कोणाला सुखी वा दुःखी करीत नाही. परमेश्वर कोणाचे पाप घेत नाही व पुण्यही घेत नाही, हा गीतेच्या पाचव्या अध्यायाचा अभिप्राय याच्याशी जुळतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात येथे पर्जन्याचा दृष्टांत दिला आहे. कोकणात जन्मलेल्यास तो समजावून सांगावा लागत नाही. मृगाचा एकच पाऊस खाचरात भात वाढवितो, वरकस जमिनीत नाचणी वाढवितो आणि कातळाच्या कडेला करवंदीचे काटेही वाढवितो. पावसावाचून यांपैकी काहीच उगवत नाही. परंतु काटा हा पावसाचा गुण नव्हे, बीजाचा होय.

मग जीव कर्मानेच जखडलेला असेल तर शास्त्राचा उपदेश कोणाला? वाहत्या ओंडक्याला पोहण्याचे नियम सांगण्यात अर्थ नसतो. गीतेतही दोन्ही बाजूंची वचने आहेत. अठराव्या अध्यायात, तू नाही म्हणालास तरी तुझी प्रकृतीच तुला युद्धास लावील, असे भगवंत सांगतात. आणि थोडे पुढे, या सर्वाचा विचार करून तुला वाटेल तसे कर, असेही म्हणतात. एकाच मुखातून काही श्लोकांच्या अंतराने आलेल्या या दोन गोष्टींची संगती लावणे हेच त्या दहाव्या प्रकरणाचे खरे कार्य होय. ज्या कर्माचे फळ भोगण्यास आरंभ झाला ते भोगलेच पाहिजे. सुटलेला बाण परत येत नाही. परंतु भात्यातील बाण अजून हाती आहेत. देह, इंद्रिये आणि मन ही कर्माच्या ताब्यात असली तरी आत्मा मूळचा परमात्मरूप असल्याने त्याला मोक्षाकडे नेणारी प्रेरणा बाहेरून उसनी आणावी लागत नाही. ब्रह्मसूत्रातील सुताराचा दृष्टांत येथे लागू पडतो. हत्यारे बोथट असली तर सुताराचे काम अडते हे खरे. पण हत्यारांना धार लावणे हे कामही सुताराचेच असते. सहाव्या अध्यायात स्वतःचा उद्धार स्वतः करण्यास सांगितले आहे ते याच अर्थाने.

न्यायालयातील उद्गारांची संगती आता लागते. अन्यायी निर्णयाचे कर्तृत्व तो देणाऱ्यांचे. त्याचा दोष त्यांच्याच पदरी. ईश्वराने तो घडविला असे टिळकांचे म्हणणे नव्हते. मनुष्याने केलेल्या दुष्टतेतूनही परमेश्वर हिताचा मार्ग काढू शकतो, एवढाच त्यांच्या श्रद्धेचा आधार होता. दुष्कर्म एकाचे आणि त्याचा सदुपयोग दुसऱ्याचा, हा भेद ध्यानी न घेतल्यामुळेच या विषयात पुष्कळ घोटाळा होतो.

तथापि या विवेचनात एक अडचण शिल्लक राहते. जीव हा मूळचा ब्रह्मरूपच असेल, तर कर्माच्या चिखलात रुतला तो कोण, आणि ते पाप अखेर कोणाच्या खाती? अद्वैत मताने याचे उत्तर अनादी मायेवर सोपविले आहे आणि टिळक तेथेच थांबतात. महानुभाव दर्शनात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी, नित्य व परस्परभिन्न मानले असल्यामुळे ही अडचण या रूपाने उभीच राहत नाही. अविद्या जीवाला अनादिकाळापासून लागलेली, कर्मफळे देवतांकडून येणारी, आणि परमेश्वर तो केवळ सोडविणारा. बंधनाचे कर्तृत्व त्याच्याकडे जातच नाही. अर्थात अविद्या अनादी म्हटल्यावर तिचे कारण विचारण्याची सोय येथेही उरत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गीतारहस्याचे अकरावे प्रकरण संन्यासापेक्षा कर्मयोगास श्रेष्ठ ठरविते. भिक्षुमार्गी साधकास ते मान्य होणे कठीण आहे. परंतु त्यासाठी दहावे प्रकरण टाकून देण्याचे कारण नाही. गृह सोडणे हेसुद्धा जीवाने आपल्या मोकळीकीने केलेले कर्मच असते.

टिळक मंडालेस असतानाच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्या. अंत्यदर्शनही घडले नाही. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटून पुण्यास आले तेव्हा लेखनाच्या वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या. मित्रांना चिंता पडली, टिळकांना नव्हती. वह्या गेल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, तो पुन्हा लिहिता येईल, असे ते सांगत. पुढे वह्या परत मिळाल्या व १९१५ च्या जूनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले. शिक्षेच्या रात्री त्यांनी उच्चारलेले शब्द १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच दालनाबाहेर शिळेवर कोरून लावले, आणि त्या फलकाचे अनावरण त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते झाले.